डोंगराची तार, नदीची तार

ही गोष्ट फार जुनी आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारंही आज कोणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनीही, आपल्याला सगळं कळतं असं वाटत असलं तरी, जरा बसून ऐकावी.

त्या राज्यात उंच डोंगरात एक मोठा तलाव होता आणि त्याला मातीचा बांध होता. बांधाखालून एक नदी निघे आणि दरीतून वळणं घेत मैदानात उतरे. मैदानात नदीच्या दोन्ही काठांना एक भरलेलं गाव होतं. लोक त्याला नुसतं खालचं गाव म्हणत. जमीन काळी, पीक भरघोस, माणसं दोन घास जास्तच जेवणारी. भीती एकच होती. कधी तलाव तुडुंब भरून बांध खचला, तर सगळं पाणी त्या गावावर येणार होतं.

म्हणून पूर्वीच्या एका राणीने तांब्याच्या दोन तारा ओढून घेतल्या होत्या. बांधावर राखणदाराची झोपडी होती, तिथून त्या निघत. एक नदीच्या काठाकाठाने खाली येई, दुसरी डोंगराच्या माथ्यावरून. खांबांवरच्या चाकांवरून सरकत दोन्ही खालच्या गावातल्या एका मोठ्या घंटेला येऊन मिळत. वर कोणतीही एक तार ओढली की खाली घंटा वाजे. ती घणाघणा वाजू लागली की लोक हातातलं काम टाकून, मुलंबाळं घेऊन टेकडीवर चढत. पाणी पोचायच्या आत तेवढा वेळ मिळत असे. एवढी लांब तार माणसाला ओढवत कशी असेल, असं कोणी विचारील. त्या वेळचे कारागीर तसे होते, एवढंच मी सांगू शकतो.

तारा दोन कशाला, असं तेव्हाही लोकांनी राणीला विचारलं होतं. एक तुटली तर दुसरी असावी, असं राणी म्हणाली, आणि तिने एक रीत घालून दिली. राखणदाराने रोज सकाळी डोंगराची तार एकदाच ओढायची, रोज संध्याकाळी नदीची. खाली एकच टोल पडायचा. त्याला खुशालीचा टोल म्हणत. ज्या वेळेचा टोल पडला नाही त्या बाजूची तार तुटली असं समजून माणसं लगेच शोधायला निघत.

राणी गेली. तिच्यामागे वर्षं गेली. बांध काही खचला नाही. मग लोकांना खुशालीच्या टोलाचा कंटाळा येऊ लागला. कोणी म्हणे, सकाळच्या टोलाने तान्ही मुलं दचकतात. कोणी म्हणे, संध्याकाळच्या टोलाने बैल बुजतात. गावकऱ्यांनी नव्या राजाकडे गाऱ्हाणं नेलं. एवढंच ना, म्हणत राजाने टोल बंद करून टाकला.

त्या दिवसापासून गावात एक म्हणच पडली. घंटा गप्प, तर गाव खुशाल. म्हणीसारखी सोयीची गोष्ट दुसरी नाही. ती एकदा तोंडात बसली की माणूस विचार करायच्या कष्टातून सुटतो.

आता तांबटाकडे येऊ.

तलाव आणि खालचं गाव यांच्या मधोमध, दरीच्या वर उंचावर एक पेठ होती. पुराचं पाणी तिथवर पोचत नसे. त्या पेठेत एक तांबट राहायचा. त्याच्या उजव्या हातात कसब होतं. त्याने मठारलेल्या हंड्यावर हातोडीचे ठोके असे ओळीने बसत की लोक विकत घेण्याआधी हंडा नुसता फिरवून बघत राहत. तांबटाला एकच मुलगी होती आणि ती त्याने खालच्या गावात दिली होती. स्थळ चांगलं मिळालं होतं. जावई कष्टाळू होता आणि सासू सुनेला लेकीसारखं वागवी. तांबटाचा सगळा जीव त्या पोरीत होता. हे आधीच सांगतो, कारण हा तांबट दुष्ट नव्हता. दुष्ट माणसांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात.

एका वर्षी उत्तरेकडे लढाई पेटली आणि तिकडच्या खाणींतून येणारं तांबं बंद झालं. तांबटाची भट्टी थंड पडली. इकडे लग्नसराई तोंडावर आलेली. घागरी, हंडे, घंगाळी, आंदणाची सगळी भांडी त्याच्याकडूनच घ्यायची, असं पेठेतल्या आयांनी ठरवून टाकलेलं. दारी आलेलं गिऱ्हाईक आपण कधी परत पाठवलं नाही, हा तांबटाचा मोठा अभिमान होता. आता रोज दोन-चार जण हिरमुसून परत जाऊ लागले आणि ते त्याच्या मनाला फार लागलं.

अशात एक गुराखी घोंगडीत काहीतरी गुंडाळून त्याच्या दाराशी आला. घोंगडी उलगडली तर आत तांब्याची तार. तांबटाने ती बघताक्षणी ओळखली. डोंगरावरच्या वाऱ्यापावसात टिकावी म्हणून त्या तारेला मेण फासलेलं असे, आणि त्या मेणाचा वास अजून येत होता. कुठली रे ही, असं त्याने विचारायचं म्हणून विचारलं.

"डोंगरावरची," गुराखी म्हणाला. "पडूनच होती. आणि नदीकाठची आहेच की."

तांबटाला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला तो तयारच बसला होता. एक गेली तर दुसरी आहे. ती घंटा तरी इतक्या वर्षांत कुठे वाजली होती? आणि तार आपण थोडीच तोडली, दारात आली ती घेतली. चोरीचा माल घेणारा माणूस स्वतःला नेहमी नुसतं गिऱ्हाईकच समजतो.

भट्टी पुन्हा पेटली. गुराखी येत राहिला आणि डोंगराची तार मुशीत वितळत राहिली. पेठेतल्या लेकी आंदणाची भांडी घेऊन सासरी गेल्या. सगळीकडे दुष्काळ असताना याच्याकडे तांबं येतं कुठून, असं कोणी विचारलं नाही. भांडं चकचकीत असलं की माणूस फार चौकशा करत नाही. खालच्या गावातही त्याचे हंडे गेले. ज्या तारेने त्या गावाला सावध करायचं, तिच्यातून तिथले लोक पाणी पिऊ लागले.

मग पावसाळा आला, आणि पावसाबरोबर एके दिवशी एक नावाडी आला. त्याच्याही टोपलीत तारच होती. पण ही तार हिरवी पडलेली होती. नदीच्या दमट हवेत तांबं असंच हिरवं पडतं.

तांबटाच्या हातातली हातोडी थांबली. किती तोडलीस, असं त्याने विचारलं. दाट झाडीतून जाते तिथली बरीचशी, तिकडे कोणी फिरकत नाही, असं नावाडी म्हणाला. मग तांबटाचा पडलेला चेहरा बघून त्यानेच वर धीर दिला.

"काळजी कशाला करता? डोंगरावरची आहेच की."

गुराख्याला नावाडी ठाऊक नव्हता आणि नावाड्याला गुराखी. बांधावरच्या राखणदाराला काही ठाऊक नव्हतं आणि राजालाही नाही, कारण रोज सकाळ-संध्याकाळ तार ओढून बघायची रीत कधीच मोडली होती. दोन्ही तारा गेल्या हे सगळ्या राज्यात एकाच माणसाला कळलं होतं. तो आपल्याच भट्टीपुढे बसला होता.

करायचं होतं ते अगदी थोडं होतं. उठून चावडीवर जायचं आणि सांगायचं, की तारा तुटल्या आहेत. मग राजाची माणसं डोंगरावर बसली असती, त्यांनी माथ्यामाथ्यावर इशाऱ्याचे जाळ तयार ठेवले असते, धावणारे गडी नेमले असते. पण तुला कसं कळलं, असं चावडीने विचारलंच असतं. आणि तारेला हात लावणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, असा राणीच्या वेळचा कायदा होता. विकणारा असो की घेणारा, कायद्याला दोघे सारखेच.

तांबटाने आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की बांध इतकी वर्षं टिकला, तो आणखी एक पावसाळा टिकेल. दिवाळीनंतर तांबं यायला लागलं की आपणच नवी तार ओढू आणि कोणाला कळू न देता खांबांवर चढवू. नावाड्याचा माल त्याने ठेवून घेतला. नाही घ्यावा तर नावाडी दुसऱ्याकडे जाईल आणि चार ठिकाणी बोलेल. हिरवी तार त्याने चिंचेने घासघासून लाल केली आणि मुशीत टाकली.

पण त्या वर्षीचा पाऊस उघडीप द्यायचं नाव घेईना. अंगण वाहू लागलं की तांबट उठून आभाळाकडे बघून येई. अन्न गोड लागेना. अखेर त्याला एक मधला मार्ग सुचला. चावडीलाही जायला नको आणि पोरही वाचेल. खालच्या गावाकडे निघालेल्या एका गाडीवानाबरोबर त्याने लेकीला निरोप धाडला, की आई आजारी आहे, असशील तशी निघून ये.

मुलगी रडत, भिजत, चिखल तुडवत माहेरी आली. बघते तर आई ओसरीवर बसून तांदूळ पाखडते आहे.

"मला कसली धाड भरलीय?" आई म्हणाली, आणि तिने सूप खाली ठेवून लेकीला जवळ घेतलं.

तांबट हसला. म्हणाला, लेकीला बोलवायचं तर बापाला काहीतरी निमित्त नको का? मायलेकीही हसल्या. घरात गोडधोड झालं. तांबटाने त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

थोडे दिवस गेले आणि मुलगी परत जायचं म्हणू लागली. सासूबाईंना एकट्याने झेपत नाही, घरची माणसं उपाशी राहतील, असं ती म्हणे. तांबट म्हणे, आज शनिवार आहे. मग म्हणे, आता अमावास्या आहे. मग गाडीचा बैल लंगडतो आहे. शेवटी मुलीने त्याला चिडवलं, की बाबा, पंचांगात माझ्यासाठी एकही बरा दिवस उरला नाही वाटतं.

अखेर जावईच न्यायला आला. तांबटाने त्यालाही राहायचा फार आग्रह केला. तुमच्या आईंनाही घेऊन या, पावसाळाभर सगळे इथेच राहा, असं म्हणाला. जावयाला नवल वाटलं. गोठ्यातल्या गुरांना वैरण कोण घालणार, शेत कोण बघणार, असं त्याने हसत विचारलं. तो एका जेवणापुरता थांबला. सासू-सासऱ्यांचा जीव लेकीत अडकलेला पाहून त्याने बायकोला पाऊस ओसरेपर्यंत ठेवून घ्यायला सांगितलं आणि एकटाच परत निघाला. म्हातारी आई घरी वाट बघत होती.

तांबट त्याला पोचवायला वेशीपर्यंत गेला. दोघे एका इरल्याखाली चालले होते. तांबटाच्या मनातलं ओठांवर येई आणि परत जाई.

"पाणी चढू लागलं तर वेळेवर टेकडीवर जा," तो शेवटी म्हणाला.

"घंटा आहे की, मामा. ती वाजली की जातोच आम्ही."

"घंटेची वाट पाहू नका."

"मग कशाची पाहायची?" जावयाने सरळ मनाने विचारलं.

एवढा साधा प्रश्न तांबटाला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. उत्तर जिभेवर होतं. पण त्याचा उजवा हात नकळत उपरण्याखाली गेला आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. काही नाही हो, वय झालं की उगीच काळजी वाटते, असं तो म्हणाला. जावई वाकून पाया पडला आणि उताराला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत तांबट पावसात उभा राहिला. मग घरी आला आणि आपली मुलगी चुलीपाशी सुखरूप बसली आहे हे पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. माणसाचं मन असं आहे, त्याला काय म्हणावं?

त्यानंतर लवकरच एका भर दुपारी बांधाला भेग पडली.

राखणदाराने ती पाहिली आणि धावत येऊन डोंगराची तार ओढली. तार अलगद हातात आली. त्याने नदीची ओढली. तीही तशीच आली. त्याला काही कळेना. तो दोन्ही तारा हात सोलवटेपर्यंत ओढत राहिला, आणि मग सगळं टाकून उताराने खाली पळत सुटला. पण पाण्यापुढे माणूस किती पळणार?

खालच्या गावात नदी फुगलेली सगळ्यांनी पाहिली होती. एक म्हातारी म्हणालीही, की पाण्याचा रंग मला बरा दिसत नाही, वर चला. लोक तिला म्हणाले, घंटा गप्प आहे ना, मग बस खाली. ती म्हातारी तांबटाच्या लेकीची सासू होती. तिच्या मुलाला सासऱ्याचे शब्द आठवले की नाही, हे आता कोणाला सांगता येणार नाही. घरोघरी पानं वाढलेली होती आणि लोक जेवायला बसले होते. त्या पानांवरून उठून टेकडी गाठलेली माणसं फार थोडी. उरले ते बहुतेक गुरं घेऊन आधीच वर गेलेले.

नावाडी नावेसकट गेला. गुराख्याने माथ्यावरून सगळं पाहिलं. गुरं, घोंगडी तिथेच टाकून तो राज्याबाहेर पळाला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

राजाच्या शिपायांनी राखणदाराला वाटेतच पकडलं आणि पेठेच्या चावडीवर आणून बांधलं. राजा स्वतः तिथे आला. घंटा वाजवली नाही, म्हणून राखणदाराला सुळावर द्यायचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही रीत सगळ्याच राज्यांत जुनी आहे. भोवती गर्दी जमली. तीत तांबटाची मुलगीही होती. तिचा नवरा गेला होता, सासू गेली होती, आणि ती अजून रडली नव्हती. राखणदार सोललेले तळवे दाखवून एकच सांगत होता, की मी दोन्ही तारा ओढल्या, दोन्ही तुटलेल्या होत्या, कोणीतरी नेल्या होत्या.

मुलगी तांबटाची होती. भट्टीशेजारी खेळून मोठी झालेली. तांब्याच्या दुष्काळात बापाची भट्टी कशावर पेटली असेल, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती घरी आली. तांबट ऐरणीपुढे नुसताच बसला होता.

"बाबा, आई आजारी नव्हती," ती म्हणाली. "मग मला का बोलावलंत?"

तांबटाने या प्रश्नाची उत्तरं कधीपासून जुळवून ठेवली होती. ती सगळी बाजूलाच राहिली.

"तू वाचलीस, पोरी," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही यांना पोचवायला वेशीपर्यंत गेलात. एवढी वाट बरोबर चाललात. तरी सांगितलं नाहीत."

तांबट हात पुढे करून उठला. ती मागे सरली.

"मला वाचवलं असं म्हणू नका, बाबा. ती सगळी गेली, मला तुम्ही नुसतं मागे ठेवलंत."

त्यानंतर ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं ऐकवणार नाही असं होतं. तांबट उठून चावडीवर गेला. आधी जायला हवं होतं तेव्हा तिथवरची वाट त्याला फार लांब वाटली होती. त्याने सगळं सांगितलं, राखणदाराच्या दोऱ्या सोडायला लावल्या आणि आपला उजवा हात राजापुढे धरला.

राजाने त्या हाताकडे पाहिलं. टोल आपणच बंद केला होता, हे त्यालाही विसरता येत नव्हतं. तो म्हणाला, "हा हात मला तोडून उपयोगाचा नाही. याच हाताने दोन्ही तारा पुन्हा घडव आणि खांबांवर चढव."

दवंडी पिटली. लोकांनी घरोघरचे हंडे, घंगाळी, घागरी आणून तांबटाच्या दारात टाकल्या. त्यातून पाणी प्यायला कोणी धजत नव्हतं. आपणच मठारलेली भांडी तांबटाने फोडली, वितळवली आणि त्यांची तार ओढली. फुटलेला बांध पुन्हा घातला गेला, डोंगराची तार चढली, नदीची चढली, आणि खुशालीचा टोल पुन्हा सुरू झाला. आता बैल बुजतात अशी तक्रार कोणी केली नाही. तक्रार करणारी बहुतेक माणसं उरलीच नव्हती.

मुलगी उरलेल्या माणसांबरोबर खालच्या गावी राहायला गेली. तांबट प्रत्येक गाडीवानाबरोबर तिला निरोप धाडी, की एकदा येऊन जा. गाडीवान परत येऊन सांगे, की तिने सगळं ऐकून घेतलं, आणि काही बोलली नाही. आई अधूनमधून तिला भेटून येई. तांबटाला ती सोय नव्हती. तो म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, त्याचा उजवा हात शेवटपर्यंत शाबूत राहिला, पण त्या हातचं पाणी लेकीने पुन्हा कधी घेतलं नाही.

तात्पर्य : सगळ्यांची राखण विकून एकट्या आपल्या माणसाला वाचवता येत नाही.